बसमधून सायकल नेण्याचा दर एकदा छापून लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2026 च्या जानेवारीत पुणे ग्रँड टूर ही सायकल रेस झाली तेव्हाची कात्रणं मी जपून ठेवली आहेत, 437 किलोमीटर, आधी प्रोलॉग म्हणजे सुरुवातीची छोटी रेस आणि मग चार टप्पे, ज्या रस्त्यांवर आपण रविवारी फिरायला जातो त्याच रस्त्यांवर परदेशी टीम्स पळताना बघून अंगावर काटा आला होता. त्या टीम्सबरोबर मेकॅनिक होते, मागे टीमच्या गाड्या, गाडीच्या टपावर जादा सायकली. मोठ्या रेसला हे सगळं असायलाच हवं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. मला लिहायचंय ते आमच्यासारख्या हौशी लोकांबद्दल, जे नोकरी सांभाळून, रजा साठवून, स्वतःची सायकल स्वतः खोक्यात भरून चार-आठ दिवसांच्या रेसला जातात. आमची पहिली स्टेज, म्हणजे सायकल रेसच्या गावापर्यंत नेणं, घरच्या दारातच सुरू होते आणि खरं सांगतो, सगळ्यात जास्त दमवणारी तीच असते.

मी साताऱ्याचा. काही वर्षांपूर्वी टूर ऑफ नीलगिरीजला जायचं ठरवलं. ही 2008 पासून होते, डिसेंबरात, कर्नाटक, तमिळनाडू, केरळ असा आठवडाभराचा घाटाघाटांतून प्रवास. नावाला टूर आहे पण मधल्या काही तुकड्यांना टायमिंग लावलेलं असतं, तेवढी रेस, आणि आमच्यातले बरेच जण जातात ते त्या टायमिंगसाठीच. वर्षभर मी पहाटे पाचला यवतेश्वरचा घाट चढत होतो, रविवारी पसरणी घाट, पाऊस थांबला की केळघर. बायको म्हणायची की दिवाळीत तरी एक दिवस घरी बस. बसलो नाही.

आता सायकल न्यायची कशी? विमानात बहुतेक ठिकाणी 15 किलो सामान तिकिटात असतं, सायकल आणि खोकं मिळून बारा-तेरा किलो भरतात, मग कपडे, बूट, हेल्मेट कुठे घालायचं, शिवाय सायकलचा वेगळा चार्ज प्रत्येक कंपनीचा निराळा. रेल्वेने पाठवायची तर ती पार्सल म्हणून बुक करून लगेज डब्यात जाते, म्हणजे माणूस एका डब्यात आणि सायकल दुसरीकडे, रेस तीन दिवसांवर असताना तेवढा धीर माझ्यात नव्हता. राहिली खासगी स्लीपर बस. पुण्याहून बंगळूरला जाणाऱ्या गाड्या रात्री वाढे फाट्यावर थांबतात, तिथून चढायचं ठरवलं.

पॅकिंगला मला दोन तास लागले. सायकलच्या दुकानातून नवीन सायकल येते ते खोकं मागून आणलं. पेडल काढली (डावं पेडल उलटं फिरतं, नवीन माणूस तिथेच अडकतो आणि आटे खराब करतो), सीट खाली, हँडल वाकडं करून फ्रेमला बांधलं, पुढचं चाक काढून बाजूला, फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक ज्यात बसतं त्या दांड्यांच्या, दोन टोकांमध्ये लाकडाचा तुकडा ठोकला म्हणजे दाब आला तरी ती आत येत नाहीत. फ्रेमला जुनी गोधडी गुंडाळली. खोक्यावर चारी बाजूंनी स्केचपेनने लिहिलं, आत सायकल आहे, आडवी ठेवू नये, वर काही ठेवू नये. तीन भाषांत लिहिलं.

बस रात्री सव्वाअकराला आली. क्लीनरने खोकं बघितलं आणि म्हणाला, "हे सामानात बसत नाही साहेब, आठशे वेगळे." बुकिंग करताना फोनवर विचारलं होतं, तेव्हा सांगितलं होतं गाडीवर बघून घ्या. पावती मागितली तर हसला. गाडी हायवेवर इंडिकेटर लावून उभी, मागून ट्रकचे लाईट, आतले प्रवासी खिडकीतून बघतायत, अशा वेळी माणूस काय वाद घालणार, दिले आठशे. डिकीत आधीच कसली तरी पोती होती. मी म्हणालो दादा उभं ठेवा, तो म्हणाला हो हो, तुम्ही चढा. येताना त्याच कंपनीच्या दुसऱ्या गाडीत त्याच खोक्याचे तीनशे घेतले. तेव्हा कळलं की दर असा काही नसतोच, समोरचा माणूस किती अडलाय त्यावर ठरतं.

सकाळी बंगळूरला डिकी उघडली तर खोकं आडवं आणि वर दोन पोती. एक कोपरा आत गेलेला. तिथेच फुटपाथवर खोकं फाडून बघितलं, फ्रेम ठीक होती, चाकं ठीक होती, हायसं वाटलं. संध्याकाळी मुक्कामी पोचून सायकल जोडली, पेडल फिरवलं आणि मागून कट् कट् आवाज. हँगर वाकला होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, मागचे गियर बदलणारा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो त्याला हँगर म्हणतात, जेमतेम बोटाएवढा असतो. तो मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे मार बसला तर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. पण जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा हँगर निराळा, दुसऱ्याचा आपल्याला बसत नाही. तिथल्या मेकॅनिकने खूप मनापासून प्रयत्न केला, रात्री साडेनऊपर्यंत टॉर्च धरून बसला, बराचसा सरळ केला. पण म्हणाला जास्त वाकवला तर तुटेल, आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर चेन टाकलीत तर डिरेलर स्पोकमध्ये जाईल, चाक जाईल, तुम्हीही जाल. स्क्रू आवळून त्याने तो गियर बंदच करून टाकला. म्हणजे चढाला लागणारा सगळ्यात हलका गियर गेला.

सपाटीवर काही जाणवलं नाही. कल्हट्टीला जाणवलं. मसिनगुडीकडून उटीला चढणारा हा घाट, 36 हेअरपिन वळणं, प्रत्येक वळणावर आकड्याची पाटी, आणि चढ असा की आपला पसरणी त्याच्यापुढे मवाळ वाटतो. बाजूने लोक हलक्या गियरवर गरागरा पाय फिरवत निघून जात होते आणि मी प्रत्येक पेडलला उभा राहून अख्खं वजन टाकत होतो. निम्म्या घाटाच्या आधीच मांड्या थरथरायला लागल्या, पुढचं चाक नागमोडी जायला लागलं, एका वळणावर उतरावं लागलं. सायकलच्या बुटांना खाली पेडलला अडकणारा क्लीट असतो, डांबरावर चालताना टकटक आवाज होतो. नीलगिरीच्या झाडांचा वास, खाली दरी, आणि ती टकटक. वर्षभर ज्या घाटासाठी यवतेश्वर केला तो घाट मी काही वळणं हाताने सायकल ढकलत चढलो. एक दिवसाची रेस असती तर संपून गेलं असतं, पण अनेक दिवसांच्या रेसमध्ये वेळेची बेरीज होत जाते, एका दिवशी गेलेली वीस मिनिटं रोज तुमच्याबरोबर चालतात. तरी सगळे दिवस पूर्ण केले.

चूक माझीही होती हे मान्य. आता मी डिरेलर पूर्ण सोडवून फ्रेमच्या आत बांधतो आणि खिशात स्पेअर हँगर ठेवतो, सगळ्यांनी ठेवावा. पण आठशे की तीनशे, आडवं की उभं, हे माझ्या हातात नाही ना. लहानपणी एसटीच्या मागच्या शिडीवरून हमाल सायकल टपावर चढवायचा, दोरीने आवळायचा, गावात सगळ्यांना माहीत असायचं किती द्यायचे. आता बऱ्याच गाड्यांना टपावर कॅरिअरच नाही.

आपल्याकडे लोक किती पुढे गेलेत बघा. नाशिकचे डॉ. महाजन बंधू 2015 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण करून आले, नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2018 मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही 9,000 किलोमीटरच्या वरची 15 टप्प्यांची रेस करून आले. पेशाने डॉक्टर असलेली ही माणसं. त्यांना बघून तालुक्या-तालुक्यात पोरं सायकली घ्यायला लागली. आमच्या ग्रुपमध्ये एक एकोणीस वर्षांचा मुलगा आहे, वडील टेम्पो चालवतात, सेकंडहँड रोडबाईक घेतलीय, यवतेश्वरला मला सहज मागे टाकतो. डिसेंबरात त्याला रेसला जायचंय. एंट्री फी आम्ही ग्रुपने भरतोय, पण दर तीन दिवसांनी त्याचा एकच प्रश्न असतो, काका, खोक्याचे किती घेतील? त्याच्यासाठी आठशे रुपये म्हणजे एक टायर आहे.

म्हणून बसवाल्यांना हात जोडून एवढंच सांगणं आहे, पैसे घ्या, फुकट कुणी मागत नाही, पण सायकलच्या खोक्याचा दर बुकिंगच्या वेळीच सांगा, पावती द्या आणि खोकं उभं राहील एवढी जागा डिकीत एका बाजूला ठेवा, पोती त्याच्यावर टाकू नका. आणि संपादक साहेब, तुमच्या वार्ताहराने पुणे-सातारा-कोल्हापूर-बंगळूर मार्गावरच्या गाड्यांना हा दर विचारून एकदा पेपरात छापला, तर डिसेंबरच्या आधी बऱ्याच जणांचं काम होईल.

आपला,
एक सायकलस्वार, सातारा