ट्रॉम्बेच्या पाच नंबर संचाची निवृत्ती जाहीर करा

मा. संपादक,
स. न.

ट्रॉम्बेच्या औष्णिक वीज केंद्राचा विषय निघाला की एक बाजू म्हणते ‘आजच बंद करा’ आणि दुसरी म्हणते ‘मुंबईला वीज लागते, चालू द्या’. मी बॉयलरच्या देखभालीत आयुष्य घालवले, तेही दुसऱ्या केंद्रात, आणि आता चेंबूरला राहतो. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात.

मुंबईची वीज मुळात सह्याद्रीच्या पावसाची. टाटांची खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही जलविद्युत केंद्रे गिरण्यांना वीज देत होती. शहर वाढले, धरणांचे पाणी पुरेना, म्हणून १९५६ मध्ये ट्रॉम्बेला खाडीकाठी औष्णिक केंद्र सुरू झाले. ते सुरुवातीचे संच, म्हणजे बॉयलर-टर्बाइनच्या जोड्या, केव्हाच निवृत्त झाले. आज कोळशावर चालतात ते दोन: ५०० मेगावॉटचा पाच नंबर आणि २००९ चा, २५० मेगावॉटचा आठ नंबर. पाच नंबर १९८४ चा. या क्षमतेचा तो देशातला पहिलाच संच. आमच्या पिढीच्या तंत्रज्ञांना त्याचे केवढे अप्रूप होते! तो आदर आजही आहे, म्हणूनच लिहितो.

बॉयलरमध्ये कोळसा पिठासारखा दळून गरम हवेबरोबर फुंकतात. भोवती नळ्यांच्या भिंती असतात, आत पाण्याची वाफ होते आणि ती मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी टर्बाइन फिरवते. बाहेर पडलेली वाफ थंड करायला खाडीचे पाणी. यात सर्वांत आधी थकतात त्या नळ्या. उडत्या राखेने त्या बाहेरून झिजतात आणि एक दिवस कुठेतरी टाचणीएवढे छिद्र पडते. जाणत्या माणसाला ते आधी ऐकू येते, भट्टीच्या घरघरीतही ती बारीक शिट्टी वेगळी कळते. मग संच बंद करायचा, बॉयलर निवू द्यायचा, मगच वेल्डर आत उतरतो. त्यात हल्ली दुपारी सौरऊर्जा भरपूर असते, तेव्हा कोळशाच्या संचांना भार उतरवावा लागतो आणि संध्याकाळी पुन्हा चढवावा लागतो. हे सतत तापणे-निवणे म्हाताऱ्या धातूला सोसत नाही.

तरीही उद्याच टाळे लावा, असे मी म्हणणार नाही. १२ ऑक्टोबर २०२० ची सकाळ आठवा, मुंबईची वीज गेली होती. बाहेरचे जाळे कोसळले की मुंबई अलग होऊन शहरातल्याच केंद्रांवर तगावी, ही आयलँडिंगची व्यवस्था त्या दिवशी टिकली नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या, रुग्णालये जनरेटरवर गेली. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी वाहिनी सुरू झाल्याने बाहेरची वीज आणण्याची क्षमता वाढली, हे चांगलेच झाले. पण वाहिनी वीज आणते, तयार करत नाही. पाच नंबर गेल्यावर अशा वेळी शहर कशावर तगणार, बॅटरी साठवणुकीवर, गॅसवर की आणखी कशावर, हे सरकारने आणि वीज नियामक आयोगाने आत्ताच ठरवावे आणि त्यावरून या संचाची तारीख जाहीर करावी. मुदतवाढीमागून मुदतवाढ हे नियोजन नव्हे. तारीख कळली तर तिथल्या कंत्राटी कामगारांनाही पुढची सोय पाहता येईल.

तोवर केंद्राशेजारच्या माहुलकरांनी काय करायचे? तेथील हवा इतकी वाईट की प्रकल्पग्रस्तांना तिथे राहायची सक्ती करू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बजावले. परिसरात तेलशुद्धीकरण कारखाने आहेत, तेलाच्या टाक्या आहेत, टँकरची वर्दळ आहे. खिडकीत बसलेली काजळी नेमकी कोणाची, हे रहिवाशाला कळायला मार्ग नाही. मोठ्या कारखान्यांच्या चिमण्यांतल्या धुराचे मोजमाप मात्र अहोरात्र होत असते आणि ते प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाते. धूळ आणि सल्फर डायऑक्साइडचे हे आकडे, एकट्या वीज केंद्राचे नव्हे तर तिथल्या अशा प्रत्येक कारखान्याचे, माहुल गावात आणि आंबापाड्यात मोठ्या फलकावर, मराठीत, रोजच्या रोज लावावेत. त्यासाठी नवे यंत्रही घ्यावे लागणार नाही.

– एक निवृत्त बॉयलर तंत्रज्ञ, चेंबूर