पुस्तकवेड्यांच्या घरातली मुलं

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दोन कपाटं भरून पुस्तकं, आईबाप दोघंही वाचणारे, आणि पोरं मात्र पुस्तकाला शिवत नाहीत, असं कसं, हा तुझा प्रश्न. वाईट वाटून घेऊ नकोस, पण पुस्तकवेड्यांच्या घरात हे सर्रास होतं आणि त्यात आपलाच हात असतो. हात पुसून ये, पान दुमडू नको, उपडं ठेवू नको, ते तुझ्या वयाचं नाही, हे घे, हे चांगलं आहे. पोराच्या जागी आपण असतो तर आपणही बाहेर खेळायला पळालो असतो.

आधी धाकटीचं. तिला आता वाचता येतं म्हणून तू वाचून दाखवणं बंद केलंस, असं लिहिलंयस. ते आज रात्रीपासून परत सुरू कर. बाकी सगळं नंतर.

फिलिप गफ आणि विल्यम टनमर या दोघांनी 1986 मध्ये एक साधं सूत्र मांडलं होतं. वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले ऐकून समजणं. मुद्दा गुणिले या शब्दात आहे. बेरीज असती तर एका बाजूची उणीव दुसरीने भरून निघाली असती. गुणाकारात एक बाजू शून्य की उत्तर शून्य. सात वर्षांच्या मुलीचा कान लांबलचक गोष्टी आरामात पचवतो. डोळा मात्र अजून चार शब्दांच्या वाक्यावर अडखळत असतो. आपण वाचून दाखवायचं थांबवतो तेव्हा तिच्या वाटणीला राक्षस, जंगल आणि चोरवाटा यांच्या जागी एकदम ‘कमळ बघ’ येतं. कंटाळेल नाही तर काय? परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांचं बरेचदा नेमकं उलटं होतं. अक्षरं पटापट लावतात, पण निम्मे शब्द कानावरून कधी गेलेलेच नसतात. दोन्हींवर औषध एकच, मोठ्या माणसाचा आवाज.

आणि डोळा अडतो तो आळसाने नाही. ‘किल्ल्यावर’ हा एकच शब्द घे. पहिली वेलांटी डोळ्याला क च्या आधी भेटते, तोंडाने मात्र क आधी म्हणायचा. पुढे दोन ल, त्यांना चिकटलेला य, त्यावर काना, हे सगळं एका दमात. ‘सूर्य’मधला रफार बसलाय य च्या डोक्यावर, उच्चारायचा य च्या आधी. अनुस्वाराचा टिंब एकच, पण ‘पंख’मध्ये तो एक बोलतो, ‘दांडी’त दुसरं, ‘खांब’मध्ये तिसरंच, आणि काय बोलायचं ते पुढचं अक्षर ठरवतं. ‘चार’मधला च आणि ‘चारा’तला च लिहायला सारखे, बोलायला वेगळे. पाण्याचा ‘जग’ आणि सगळं ‘जग’ यांचंही तेच. हे कागदावर कुठेच दाखवलेलं नसतं. मूल आधी शब्द ओळखतं आणि मग बरोबर उच्चारतं, म्हणजे शब्द कानाला आधीच माहीत असावा लागतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’मध्ये तर मोठी माणसंही ठेचकाळतात.

म्हणून ती वाचत असताना अडली की लगेच तोंड घालू नको. मनात पाच आकडे मोज. नाहीच जमलं तर तो शब्द सरळ सांगून टाक आणि पुढे जाऊ दे. ‘अक्षर अक्षर लाव’ म्हणून तिथेच खोदत बसलं की शब्द सुटतो, पण तोवर वाक्याची सुरुवात डोक्यातून गेलेली असते. चुकीचा शब्द वाचला तर वाक्य संपेपर्यंत गप्प राहायचं. अर्थ बिघडला असेल तर बहुतेक वेळा ती स्वतःच मागे येते. ‘घराकडे’च्या जागी ‘घरी’ वाचलं तर सोडून दे. ते अर्थ लागल्याचं लक्षण आहे.

तिला एकटीने वाचायचा धीर नसेल तर जोडीने वाचा. दोघींनी एकाच वेळी, मोठ्याने, तिच्या वेगाने. तू अर्ध्या अक्षराने मागे राहायचं, पुढे पळायचं नाही. तिने तुझ्या हातावर टिचकी मारली की तू थांबायचं, ती एकटी पुढे. अडली, तर तू शब्द सांगायचास, तिने तो एकदा म्हणायचा, की परत दोघी. दहा मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस. जास्त ताणलं की शिकवणी होते.

वाचून दाखवण्याचा हिशेब वेगळा. मुलांना ऐकताना चित्र डोळ्यांपुढे यायला वेळ लागतो, म्हणून मिनिटाला शंभरेक शब्दांवर राहायचं. आपल्याला तो वेग फार संथ वाटतो, तोच बरोबर असतो. दहा मिनिटांत हजार शब्द झाले. सुट्ट्या, आजारपणं, पाहुणे धरून वर्षाला तीनशे दिवस जमलं तरी तीन लाख शब्द कानावरून जातात. आणि हे ‘भाजी आणली का, गृहपाठ झाला का’ यातले शब्द नसतात, ज्यांच्याशी एरवी गाठच पडत नाही असे असतात.

प्रकरण आधी स्वतः एकदा चाळून ठेव. कोण बोलतंय हे वाक्याच्या शेवटी कळलं तर आवाज चुकतो, आणि मध्येच एखादा मृत्यू आला तर रात्री साडेनऊला निस्तरत बसावं लागतं. अवघड शब्दाचा अर्थ जाता जाता अर्ध्या वाक्यात द्यायचा. एका बैठकीत दोन, फार तर तीन. प्रत्येक शब्द फोडून सांगणारा वाचक पोरांना नको असतो. गोष्टीचं तात्पर्य तर चुकूनही विचारू नको! विचारायचंच असेल तर पान उलटायच्या आधी, ‘आता हा काय करेल?’ एवढंच. थांबायचं कुठे? प्रकरण संपल्यावर मुळीच नाही. नवीन प्रकरणाचा पहिला परिच्छेद वाचून थांबायचं. दुसऱ्या दिवशी पुस्तक पोरगीच घेऊन येते.

तेच पुस्तक परत परत मागते म्हणून वैतागलीस, ते कळतं. पण त्यात तिचा फायदा आहे. ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर हे तपासलं होतं. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानावर सारख्याच वेळा पडले. एका गटाने तीच गोष्ट पुन्हा ऐकली, दुसऱ्याने वेगवेगळ्या. शब्द जास्त चांगले लक्षात राहिले ते पहिल्या गटाच्या. गोष्ट माहीत झाली की लक्ष मोकळं होतं आणि शब्दांकडे जातं. अकराव्यांदा वाचताना तू एखादी ओळ गाळून बघ, पकडते की नाही ते.

भावजींनीही वाचावं. त्यांना नाटकी आवाज काढता येत नाहीत ही सबब चालणार नाही. सपाट आवाजातली गोष्टही पोरं ऐकतात, फक्त वाचणाऱ्याचा मोबाइल दुसऱ्या खोलीत हवा.

आता पुस्तकं निवडण्याबद्दल. ती एकटी वाचणार असेल त्या पुस्तकाचं मधलं पान उघडून तिला वाचू दे. न कळलेल्या शब्दाला एक बोट. पान संपायच्या आत पाचही बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या तू वाचून दाखवायचं. पानावर दोनच ओळी असल्या तर हा ठोकताळा फसतो, तेव्हा शंभरेक शब्द होईपर्यंत पानं घ्यायची. आपल्याला लहानपणी आवडलेली पुस्तकं हा आणखी एक सापळा. त्यांची भाषा जुनी झालेली असते, छपाई बारीक असते, आणि पोराला ते आवडलं नाही की आपलाच अपमान झाल्यासारखं वाटतं. ती वाचून दाखवायच्या यादीत टाक.

कपाटाला कुलूप असेल तर काढ, पण नुसतं तेवढ्याने भागणार नाही. पुस्तकांच्या कण्यांच्या रांगेत सात वर्षांच्या मुलाला काही दिसत नाही, त्याला मुखपृष्ठ दिसायला हवं. तिच्या कमरेच्या उंचीवर एक अरुंद फळी, त्यावर आठ-दहा पुस्तकं तोंड पुढे करून, आणि दर पंधरा दिवसांनी त्यातली निम्मी बदलायची. बदलताना काही बोलायचं नाही.

आणि पुस्तकं फाटणार, हे एकदा मनाशी कबूल कर. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नको. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो आणि पट्टी सुटून येते. पातळ, दमदार कागदाची अरुंद पट्टी आणि गव्हाच्या पिठातून काढलेल्या सत्त्वाची शिजवलेली पातळ खळ. खळ पट्टीला लावायची, पानाला नाही. वरखाली मेणकागद ठेवून रात्रभर वजनाखाली. खळ जाड झाली तर पान सुरकुततं, शिवाय कसरीला मेजवानी.

पाणी सांडलं तर कागद कोणता ते आधी बघ. साध्या कागदाचं पुस्तक असेल तर दर दहा-पंधरा पानांमागे टिपकागद घालून पंख्याखाली ठेव, टिपकागद ओले झाले की बदल. उन्हात नाही, पानं वाकडी होतात आणि रंग उडतो. चित्रांच्या पुस्तकाचा कागद गुळगुळीत असतो, त्यावर मातीचा थर असतो. तो ओला होऊन मिटलेल्या पुस्तकात वाळला की पानं एकमेकांना कायमची चिकटतात, सोडवायला गेलं तर चित्रच निघून येतं. अशा पुस्तकाचं पान न् पान लगेच वेगळं करायचं. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाकायचं आणि सवडीने थोडं थोडं वाळवायचं.

थोरल्याचं मला फारसं अवघड वाटत नाही. तो क्रिकेटचे आकडे आणि विमानांची पुस्तकं वाचतो म्हणजे वाचतो. गोष्टीचं पुस्तक तेच खरं वाचन हा आपला हट्ट. दहा-पंधरा पानांनंतर पुस्तक टाकून द्यायची मुभा त्याला दे, तू स्वतः देतेसच की स्वतःला. उशाशी एक छोटा दिवा ठेव. झोपायची वेळ तीच, पण वाचायचं असेल तर दिवा वीस मिनिटं जास्त चालेल. आणि धाकटीला वाचून दाखवताना खोलीचं दार उघडं ठेव. दहा वर्षांचा मुलगा बोलावल्यावर येत नसतो, पण कान तिकडेच असतो.

एक काम तुझ्याकडे आहे. बाबांनी आमच्या पोरांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवायचं ठरलंय. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घे, एक बाबांकडे ठेव, दुसरी इकडे पाठव. पुस्तक कॅमेऱ्यापुढे धरून काही दिसत नाही, नुसती चमक येते आणि हात दुखतो. कॅमेरा बाबांच्या चेहऱ्यावर, पान इकडे पोरं उलटतील. प्रत्येक पानाच्या सुरुवातीला त्यांनी पान क्रमांक मोठ्याने सांगावा, म्हणजे कॉल तुटला तरी जागा सापडते. एकत्र वाचायला जाऊ नये, आवाज उशिरा पोचतो आणि दोन्हीकडचे शब्द एकमेकांवर आदळतात. एक परिच्छेद त्यांनी, एक इकडून. पंधरा मिनिटं पुरे. आणि ‘कळलं का?’ असं दर ओळीला विचारायचं नाही, हे त्यांना तूच सांग, माझं ऐकणार नाहीत.

आई-बाबांना नमस्कार, पोरांना गोड पापा.

तुझा,
धाकटा