आमच्या गाळ्यांचा हिशेब

महोदय,
जीडीपीचा आधी जाहीर केलेला आकडा नंतर बदलला की लगेच ‘घोळ’ म्हणून ओरड होते. ती मला पटत नाही. जानेवारीतला पहिला अंदाज हाती असलेल्या माहितीवर निघतो. कंपन्यांचे ताळेबंद मागाहून येतात, आकडा बदलणारच. माझा आक्षेप वेगळा आहे. २०१६-१७ची वाढ आधी ७.१ टक्के होती, २०१९मध्ये ती ८.२ झाली. नोटाबंदीच्या त्या वर्षी वागळे इस्टेट या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या गाळ्यात दोन लेथ झाकून ठेवल्या होत्या, कारागिरांच्या आठवड्याच्या पगाराला नोटा नव्हत्या. आमच्यासारख्यांची उलाढाल मात्र बरीचशी मोठ्या कंपन्यांच्या आकड्यांवरून ताडली गेली. आता आमच्यासारख्या असंघटित उद्योगांची पाहणी दरवर्षी होते, हे फार चांगले झाले. पाहणीला येणाऱ्यांना गाळेवाल्यांनी दारातून परत पाठवू नये, वह्या उघडून दाखवाव्यात.

— एक लघुउद्योजक, ठाणे