गावभागातल्या शिलाईवाल्या मावशींना

मावशी, सप्रेम नमस्कार.

गल्लीतल्या बायकांनी तुमचा सत्कार ठरवला तेव्हा तुम्ही शाल-नारळ दारातूनच परत पाठवलात. 'शिवणकाम केलं, त्यात काय एवढं' म्हणालात. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय. तुम्ही शिवलेल्या कापडी पिशव्यांनी माझ्या किराणा दुकानात काय झालं, ते मला माहीत आहे.

23 जून 2018 ला राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली. पहिल्यांदा सापडलं तर पाच हजारांचा दंड. मी कॅरीबॅगांचा गठ्ठा गल्ल्याखालून काढला आणि तांदळाच्या पोत्यांमागं ठेवला. पिशव्या देणं बंद केलं नाही. किराण्यात सुटतात किती पैसे? गिऱ्हाइकाला पिशवी नाही म्हटलं की ते पुढच्या दुकानात जातं आणि तिकडचंच होतं. ही भीती खरी होती, आजही प्रत्येक दुकानदाराला आहे. नुसता कायदा सांगून ती जात नाही.

मग ऑगस्ट 2019 चा महापूर. आपल्या सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि पाणी चढलं 57 फुटांच्या वर. पाणी उतरल्यावर मी घाटाकडं गेलो. झाडांच्या शेंड्यांपर्यंत कॅरीबॅगा लोंबत होत्या, जिथवर पाणी चढलं होतं तिथवर. आपल्या गल्लीच्या गटारीतून माणसं लोखंडी आकड्यानं गाळ ओढत होती आणि गाळाबरोबर पिशव्याच पिशव्या येत होत्या. त्यातल्या किती माझ्या दुकानातून गेल्या असतील, हा विचार तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही.

तुमचं मशीन तेव्हा पाण्याखाली होतं. तुम्ही ते अंगणात खोलून रॉकेलनं धुतलंत, तेल घातलंत आणि चालू करून पहिलं काम काय घेतलंत, तर घरोघरच्या खराब झालेल्या साड्या. गाळाचे डाग काही जाईनात. नेसता येईना, टाकवेना. त्या तुम्ही मागून आणल्या, उकळून धुतल्या आणि पिशव्या शिवल्या. तळाला दुहेरी शिवण, बंद आतपर्यंत नेऊन चौकोनी टाका. पाच किलो बटाटे घालून मला हातात धरायला लावलीत. 'बंद तुटला तर माणूस परत कॅरीबॅगच मागणार,' म्हणालात. पिशवी चांगली असेल तरच ती टिकेल, हे कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

वीस पिशव्या तुम्ही माझ्याकडं पैसे न घेता ठेवल्यात. गिऱ्हाइकानं दहा रुपये ठेवायचे, पिशवी आणून दिली की दहा रुपये परत. पहिल्या महिन्यात निम्म्याही आल्या नाहीत. मी तोंड पाडून सांगायला आलो, तर तुम्ही म्हणालात, 'कुणाच्या तरी खुंटीला असतील. तिथं काम करतायत.' आणि आणखी वीस दिल्यात. आता माणसं दुकानात येतानाच पिशवी घेऊन येतात. गिऱ्हाईक तुटेल ही माझी भीती त्या चाळीस पिशव्यांनी घालवली.

डाळ-गुळासाठी मी कोरा खाकी कागद आणला. वडील पुडा बांधून वरून दोरा कसा फिरवायचे, ते आठवून आठवून हात बसवला. छापील रद्दीत खाण्याची वस्तू देत नाही, शाईचं काही बरं नाही. तेलाला किटली, दह्याला डबा. रिकामा डबा आधी तोलून घेतो, म्हणजे वजनावरून वाद होत नाही.

एकदा एक विक्रेता कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या घेऊन आला. कापडीच आहेत, म्हणाला. तुम्ही काडी ओढून कोपरा जाळलात. त्याचा चिकट थेंब झाला. मग सुती चिंधी जाळलीत, तिची राख झाली. 'राख होते ते कापड,' म्हणालात. आणि नायलॉनच्या साडीचाही थेंबच होतो, हेही तुम्हीच सांगितलंत. पण ती साडी आधीच घरात आहे, टाकण्यापेक्षा वर्षानुवर्षं वापरलेली बरी. 2022 च्या अखेरीपासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगा देशभर बंद आहेत, आणि 'जाड आहे, चालते' म्हणणारे अजून येतात. जाड पिशवीही एकदाच वापरून फेकली तर गटारीतच जाते, हे मी आता त्यांना समजावून सांगतो.

संक्रांतीला तुम्ही बायकांना प्लास्टिकच्या डब्यांऐवजी पिशवी वाण म्हणून लुटायला लावलीत. सुगड्याशेजारी घडी घातलेली पिशवी मी माझ्या घरीही पाहिली. मंडईत क्रेटखाली काळ्या पिशव्या अजून आहेत, मला दिसतात. पण आपल्या गल्लीची गटार गेल्या पावसाळ्यात तुंबली नाही.

एक गोष्ट राहिली. माझ्या आईचं इरकल. ती पुराच्या आधीच गेली होती आणि लुगडं ट्रंकेत तळाशी भिजलं होतं. कात्री लावण्याआधी तुम्ही माझ्याकडं पाहून विचारलंत, 'लावू ना?' मी मान हलवली. त्याच्या तीन पिशव्या झाल्या. दोन घरी आहेत. तिसरी मी मुद्दाम त्या वीसांत घातली होती. ती कितीतरी महिने आली नाही. परवा एक शाळकरी मुलगी ती घेऊन आली, आत शेवग्याच्या शेंगा होत्या आणि काठ अजून तसाच लाल. दहा रुपये परत द्यायला लागलो तर म्हणाली, 'नको काका, हीच परत न्यायचीय, आईनं सांगितलंय.' मी नेऊ दिली.

मावशी, तुमचे मनापासून आभार.

आपला,
गावभागातला किराणा दुकानदार, सांगली