‘तिथे थांबण्यासारखं काही नाही’ या तुमच्या उत्तराबद्दल

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग,
मुख्य कार्यालय, पुणे

विषय: स्कॉटलंड गोल्फ सहलीतला डॉर्नॉकचा मुक्काम आणि गोल्फची फेरी कापल्याबाबत दुसरी तक्रार

महोदय,

स. न. वि. वि.

माझ्या पहिल्या पत्राला तुमच्याकडून सतराव्या दिवशी उत्तर आलं. उत्तर चार ओळींचं आहे आणि त्यातली तिसरी ओळ अशी: ‘डॉर्नॉक हे दूरचे व लहान ठिकाण असून तेथे अर्ध्या दिवसाहून अधिक थांबण्यासारखे काही नसल्याने प्रवाशांच्या सोयीसाठी कार्यक्रमात बदल करण्यात आला.’ पहिल्या पत्रात मी फक्त पैसे परत मागितले होते. ही ओळ आली नसती तर पैशांवरच मिटलं असतं.

मी बँकेतून निवृत्त झालो, वय ६६, राहणार दांडिया बाजार, बडोदा. आठवड्यातून तीन सकाळी राजवाड्याच्या आवारातल्या कोर्सवर खेळतो. हँडिकॅप (खेळाडूच्या कौशल्याचा आकडा, जितका जास्त तितका खेळ कच्चा) २२, त्यावरून माझी लायकी जाणकारांना कळेल. सहलीला बरोबर माझे व्याही होते, सौ. आणि विहीणबाईही होत्या. व्याही माझ्याहून चांगले खेळतात, पण त्यांचा उजवा गुडघा दुखरा आहे.

डॉर्नॉकला जावं की नाही यावर आमचा वर्षभर वाद चालला होता. व्याह्यांचं म्हणणं, सेंट अँड्र्यूज पाहिलं की गोल्फची काशी झाली, त्यापुढे आणखी अर्धा दिवस बसमध्ये बसून उत्तरेला जायचं कशाला? गोल्फ कोर्स म्हणजे शेवटी १८ होल. माझं म्हणणं, काशी झाली तरी लोक बद्रीनाथला जातातच ना. शेवटी तोड निघाली ती अशी: एका फेरीसाठी एवढ्या लांब जायचं नाही, दोन रात्री आणि दोन फेऱ्या मिळत असतील तरच जायचं. तुमच्या पत्रकात नेमकं तेच छापलं होतं. ‘डॉर्नॉक, २ रात्री, चॅम्पियनशिप कोर्सवर २ फेऱ्या, बग्गीसह.’ (बग्गी म्हणजे कोर्सवर फिरायची छोटी गाडी.) ही अट मी तुमच्या अलकापुरीच्या ऑफिसात तोंडी सांगितली, बुकिंगच्या फॉर्मवर पेनानं लिहून दिली, आणि व्याह्यांच्या गुडघ्याचाही उल्लेख केला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘चिंता ना करो काका, बधुं थई जशे’, म्हणजे सगळं होऊन जाईल. हे वाक्य ऐकलं की चिंता करायला लागायचं, हे बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

आता प्रत्यक्षात काय झालं ते. २७ मे रोजी दुपारी चारच्या पुढे बस डॉर्नॉकला पोचली. तुमच्या सहल व्यवस्थापकानं तिथे सांगितलं की मुक्काम एकच रात्र आहे, फेरी एकच आहे, ती आत्ता पाच वाजता आहे, आणि मोठ्या कोर्सवर नसून शेजारच्या स्ट्रुई कोर्सवर आहे. बग्गीची मागणी क्लबला कळवलेलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला निघून लॉक नेसच्या सरोवरात बोटीची सफर, ‘कंपनीकडून भेट’. त्या सरोवरात एक राक्षस राहतो अशी दंतकथा आहे. म्हणजे माझी फेरी कापून त्या जागी न दिसणारा राक्षस दिलात.

स्ट्रुईला मी नावं ठेवत नाही. कोर्स चांगला आहे, त्याच क्लबचा आहे. पण त्याचं शुल्क मोठ्या कोर्सच्या मानानं बरंच कमी असतं, आणि तुम्ही आमच्याकडून माणशी ६८,००० रुपये ‘गोल्फ पूरक शुल्क’ घेतलं ते मोठ्या कोर्सच्या दोन फेऱ्यांचं. हापूसचे पैसे घेऊन तोतापुरी दिली, तीही एकच.

व्याही दहाव्या होलपर्यंत लंगडत आले आणि थांबले. मी पुढे गेलो. मे अखेरीला तिथे रात्री साडेनऊलाही चांगला उजेड असतो, त्यामुळे खेळ पुरा झाला. हा उजेड तुमच्या कार्यक्रमात नव्हता, फुकट मिळाला.

त्या रात्री आम्ही चौघांनी ठरवलं की सकाळच्या बसमध्ये बसायचं नाही. सकाळी सात वाजता मी क्लबवर जाऊन उभा राहिलो. स्टार्टरनं, म्हणजे खेळाच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसानं, वही पाहून सांगितलं की दोघांची एक जागा रद्द झाली आहे, १ वाजून ४० मिनिटांनी निघा. व्याह्यांसाठी गुडघ्याचं कारण सांगितल्यावर त्यानं बग्गीचीही सोय केली. जे तुम्हाला चार महिन्यांत जमलं नाही ते त्या गृहस्थाला पाच मिनिटांत जमलं. फी दोनशे पौंडांहून जास्त, तीही माणशी, खिशातून भरली. हॉटेलच्या दोन खोल्या आणखी एका रात्रीसाठी खिशातून. तिसऱ्या दिवशी साध्या बसनं इन्व्हरनेसला येऊन तुमच्या ग्रुपला मिळालो. पावत्या सोबत आहेत.

आता तुमच्या त्या तिसऱ्या ओळीबद्दल.

डॉर्नॉक दूर आहे हे कबूल. इन्व्हरनेसच्या उत्तरेला सुमारे ७० किलोमीटर. रेल्वे होती, १९०२ साली सुरू झालेली, ती १९६० साली बंद पडली. १९९१ साली खाडीवर पूल झाला, त्याआधी मोठा वळसा घालून जावं लागे. गाव लहान आहे हेही कबूल. विहीणबाई शाकाहारी, त्यांना दोन दिवसांत तीन वेळा बटाटा खावा लागला. थंडी अशी की सौ.नं मे महिन्यात कानटोपी सोडली नाही. ज्याला ऊन, आराम आणि पोहण्याचा तलाव हवा आहे त्यानं तिथे जाऊ नये, हे मी स्वतः सांगेन. पण ‘थांबण्यासारखं काही नाही’?

तिथे गोल्फ खेळला जात असल्याची नोंद १६१६ सालची आहे. तेव्हा शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून १४ वर्षं होती. आजचा क्लब १८७७ सालचा, म्हणजे सयाजीराव गादीवर आल्यानंतर दोन वर्षांनी निघालेला. सातव्या एडवर्ड राजानं त्याला ‘रॉयल’ ही पदवी दिली ती १९०६ साली. याच गावात १८७२ साली डोनाल्ड रॉस जन्मला. आधी सुतारकाम शिकला, मग सेंट अँड्र्यूजला ओल्ड टॉम मॉरिस या नामवंत गोल्फपटूच्या हाताखाली राहिला, परत गावी येऊन कोर्सची देखभाल केली आणि १८९९ साली अमेरिकेला गेला. तिथे त्यानं पाइनहर्स्टचा दुसऱ्या क्रमांकाचा कोर्स घडवला, ज्यावर २०२४ ची यूएस ओपन ही गोल्फची मोठी स्पर्धा झाली. पाइनहर्स्टच्या ज्या ग्रीन्सना (होलच्या खड्ड्याभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीला ग्रीन म्हणतात) जगातले मोठे खेळाडू हात टेकतात, त्या आकाराचं बाळकडू रॉसला डॉर्नॉकमध्ये मिळालं.

तो आकार कसा, तर पालथी परात. मध्ये फुगीर, कडांना उतार. चेंडू वर पडतो, क्षणभर थांबल्यासारखा वाटतो आणि मग हळूच कडेनं खाली उतरतो. पालथ्या घड्यावर पाणी ही म्हण मी शाळेपासून ऐकतो. ती डोळ्यांनी पाहायला डॉर्नॉकचं दुसरं होल गाठावं लागलं. होल पार तीनचं, म्हणजे चांगल्या खेळाडूला तीन फटके पुरावेत असं, दिसायला सोपं. ग्रीन ओट्यासारखं उंच. माझा पहिला फटका डावीकडे घरंगळला. तिथून वर मारलेला उजवीकडे उतरला. उजवीकडून मारलेला परत डावीकडे. व्याही बग्गीत बसून मोजत होते. सहा लागले.

आपल्याकडे राजवाड्याच्या कोर्सवर चेंडू उंच मारायचा, तो मऊ गवतात जिथे पडला तिथे बसतो. पावसाळ्यानंतर तर रुततोच. लिंक्सचं, म्हणजे समुद्रकाठच्या अशा कोर्सचं, सगळं उलटं. समुद्र मागे हटला आणि वाळू मागे ठेवून गेला, त्या वाळूवर बारीक, चिवट गवत. कितीही पाऊस पडो, पाणी मुरतं आणि जमीन टणक राहते. झाडं जवळपास नाहीत, त्यामुळे वारा मोकाट. उंच मारलेला चेंडू वारा नेईल तिकडे जातो. म्हणून खालून, जमिनीलगत, घरंगळत न्यायचा. चौदावं होल ‘फॉक्सी’, त्यावर एकही बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, नाही. मला वाटलं, सुटलो. तिथे तिसऱ्यांदा चेंडू परत पायाशी आला तेव्हा मी चेंडू उंच उडवायची काठी, वेज, बॅगेत टाकली, जमिनीलगत ढकलायचा पटर काढला आणि ग्रीनच्या बाहेर वीस पावलांवरून, लहानपणी वाड्याच्या अंगणात गोट्या खेळायचो तसा, उताराचा अंदाज घेऊन ढकलला. चढावर दम खात गेला, वर पोचला आणि राहिला. व्याह्यांनी बग्गीतून टाळ्या वाजवल्या. वर्षभर ‘कशाला जायचं’ म्हणणारा हा माणूस त्यानंतर चार होल गुडघा विसरून चालला.

दोन फेऱ्यांचा आग्रह का, ते यावरून तुमच्या लक्षात यावं. पहिल्या फेरीत माणूस आपल्या सवयी घेऊन खेळतो आणि मार खातो. हे १४ व्या होलवर समजलं तर उरतात चार. जे समजलं ते वापरायला दुसरा दिवस लागतो, आणि दुसऱ्या दिवशी वारा फिरला की तोच कोर्स निराळा होतो. शिवाय हिशेब बँकेतल्या माणसाचा: बडोद्यापासून तिथपर्यंत जायचा खर्च चार तास थांबा की चार दिवस, तेवढाच. ठिकाण जितकं दूर तितकं तिथे जास्त थांबायला हवं. तुम्ही दूर आहे म्हणून मुक्काम कापलात. मुंबईहून माणूस आणून त्याला चहा देऊन दारातून परत पाठवण्यासारखं हे झालं.

आमच्या बायका खेळत नाहीत. त्यांना तरी तिथे काही होतं का? दोघी १३ व्या शतकातलं कॅथेड्रल पाहून आल्या. जादूटोण्याच्या आरोपावरून एका म्हातारीला जाळलं, त्या जागेचा दगड शोधून काढला. त्यावर १७२२ साल कोरलेलं आहे. मग कोर्सला लागून असलेल्या समुद्रकिनाऱ्यावर मैलभर चालल्या. तिसऱ्या होलपाशी, जिथे पायवाट झुडपांतून बाहेर पडते आणि एकदम खाली सगळा समुद्र दिसतो, तिथे आम्हाला भेटल्या. ती काटेरी झुडपं, गॉर्स म्हणतात तिथे, मे महिन्यात पिवळ्या फुलांनी लगडलेली असतात. सौ. फुलाजवळ नाक नेऊन म्हणाली, ‘अहो, करंजीच्या सारणाचा वास येतोय.’ खरंच, ओल्या नारळाचा वास. विहीणबाईंनीही खात्री करून घेतली.

यावरून आठवलं. तुमच्या पत्रकात डॉर्नॉक या नावाखाली जो फोटो छापलाय त्यात तलाव आहे आणि नारळाची झाडं आहेत. त्यातला नारळ वासापुरता तरी खरा निघाला.

माझ्या मागण्या अशा. दोघांच्या पूरक शुल्कातून स्ट्रुईच्या एका फेरीचं शुल्क वजा करून बाकीची रक्कम परत द्यावी. मोठ्या कोर्सची फी मी भरली ती वेगळी मागत नाही, ती फेरी मी खेळलो. कापलेल्या रात्रीचं दोन खोल्यांचं भाडं आणि इन्व्हरनेसपर्यंतचं बसभाडं पावतीप्रमाणे द्यावं. लॉक नेसची भेट आम्ही घेतली नाही, तिचे पैसे कुठे लावले असतील तर काढून टाकावेत. पत्रकातला फोटो बदलावा. आणि ती तिसरी ओळ लेखी मागे घ्यावी.

३० दिवसांत उत्तर न आल्यास मी आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि नंतर वडोदऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तेव्हा पुण्याला येण्याची मला गरज नाही, तुम्हाला मात्र इकडे यावं लागेल. मुदत दोन वर्षांची आहे आणि निवृत्त माणसाकडे वेळच वेळ असतो. फॉर्मची प्रत, पत्रक, पावत्या आणि तुमचं चार ओळींचं उत्तर सोबत जोडलं आहे.

जाता जाता एवढंच कळवतो की पुढच्या मे महिन्यासाठी आम्ही चौकशी थेट क्लबकडे केली आहे. चार रात्री. हा आकडा व्याह्यांचा.

कळावे,

आपला,
(सही)
दांडिया बाजार, वडोदरा