वीस इंचापलीकडची बीएमएक्स

महोदय,

बीएमएक्स (मातीच्या उंचसखल ट्रॅकवर पळवायची दणकट सायकल) रेसिंग २००८ मध्ये बीजिंगला ऑलिंपिकमध्ये आली. ती वीस इंची चाकांची, त्यामुळे क्रीडापानावर तेवढीच दिसते. चोवीस इंची 'क्रूझर'बद्दल अवाक्षर नाही! मी सेहेचाळीस वर्षांचा. मुलाच्या वीस इंचीवर बसलो की गुडघे हँडलला लागतात. क्रूझर लांब, चाक मोठं. खडबडीत उतारावर ती स्थिर राहते, पण वेग घ्यायला जरा आळशी. परदेशातल्या शर्यतींत तिचे वयोगटांनुसार वेगळे गट असतात, पन्नाशीचे गडीही उतरतात. आता २६ आणि २९ इंची बीएमएक्सचीही चलती आहे. पोरं एका चाकावर रस्ताभर जातात (भर रहदारीत हे करणं मला पटत नाही).

टायरचं मात्र पाहून घ्या. 'चोवीस इंची' म्हणून दुकानदाराने मला भलताच दिला, रिमवर चढेना. टायरच्या कडेला ५०७ हा आकडा (रिमचं माप, मिलिमीटरमध्ये) हवा. मुलांच्या चोवीस इंची एमटीबीचा (माउंटन बाइकचा) टायर बहुधा चालतो. पंक्चरवाला अजून विचारतो, "काका, पोराची आणलीत?"

क्रूझरच्या निकालांना चार ओळी द्याल का?

आपला,
एक सायकलवाला, कोथरूड, पुणे