ऑटोवाले दादा आणि त्या माउलीचे आभार

मे महिन्यातली रात्र. ह्यांना ऑपरेशनला नेलं आणि बी निगेटिव्ह रक्ताच्या 2 पिशव्या तातडीनं आणायला सांगितलं. एक ऑटोवाले दादा मला नागपुरात धंतोली, सदर असं रक्तपेढ्यांतून फिरवत राहिले. भाडं घेतलंच नाही.

परतल्यावर दाराबाहेर बायबलमधलं स्तोत्र 46 म्हणत बसले. पण क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनं देवबापाला म्हटलेलं ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ काही केल्या तोंडातून निघेना. शेजारच्या पेशंटची आई, कपाळाला बुक्का लावलेली, जवळ आली. “माय, दोन घास खाऊन घे, मंग देवाशी बोल.” पोळीत तिखट-मीठ गुंडाळून तिनं मला भरवलं आणि पहाटेपर्यंत हात सोडला नाही. तो हात धरूनच ते वाक्य मी पुरं केलं.

हे आता घरी आहेत. दादा, माउली, तुमची नावंही विचारायची राहिली. रोजच्या प्रार्थनेत प्रभूजवळ तुमच्यासाठी मागते.